भाडं कळलं, पण खर्च कळला का? पुण्यात धंद्यासाठी जागा, वीज, पाणी आणि इंटरनेटचा हिशोब

चाकणला शेड बघणारा कारखानदार असो की बाणेरला ऑफिस शोधणारी कंपनी, पहिला प्रश्न ठरलेला: चौरस फुटाला किती? दर जमला, टोकन गेलं, की मग विजेचा लोड किती आहे, पाणी कुठून येतं, इंटरनेट कोण देतं याची चौकशी सुरू होते. आमच्या मते हा क्रमच उलटा आहे. भाड्यात घासाघीस करून महिन्याला पाच-दहा हजार वाचतात. लोड न मिळणाऱ्या शेडमध्ये मशिनं महिनोन्महिने झाकून ठेवावी लागली, तर ती बचत पहिल्याच महिन्यात संपते.

जागा, वीज, पाणी, टेलिफोन-इंटरनेट या चारही खर्चांची रचना आतून सारखीच आहे. एक भाग सुरुवातीला एकदाच जातो. दुसरा दर महिन्याला जातो, मग वापर झालेला असो वा नसो. तिसरा वापराप्रमाणे वाढतो. चौथा भाग कुठल्याच कोटेशनमध्ये नसतो: पुरवठा बंद पडला की पर्यायावर होणारा खर्च, म्हणजे डिझेल, टँकर, दुसरी लाइन. विकसनशील देशांत हा चौथा भाग मोठा असतो. म्हणूनच जागतिक बँकेच्या उद्योग सर्वेक्षणांत विजेच्या दराइतकंच वीज किती वेळा गेली, स्वतःचा जनरेटर आहे का, जोडणी मिळायला किती दिवस लागले हे विचारलेलं असतं.

जागा: दर कशावर, कागद कसला

ऑफिसचा दर बहुतेक वेळा 'सेलेबल' क्षेत्रफळावर सांगतात. त्यात जिना, लॉबी, लिफ्ट, भिंती यांचा वाटा धरलेला असतो. समजा २,००० चौरस फूट सेलेबल, दर ६० रुपये. भाडं झालं १,२०,००० रुपये. मेंटेनन्स सेलेबलवरच १० रुपये, म्हणजे आणखी २०,०००. टेप लावून मोजल्यावर कार्पेट, म्हणजे आतलं प्रत्यक्ष वापरायचं क्षेत्रफळ, निघालं १,४०० चौरस फूट. आता १,४०,००० भागिले १,४००: तुम्ही वापरत असलेल्या प्रत्येक चौरस फुटाला १०० रुपये पडले. दोन इमारतींची तुलना याच आकड्यावर करायची, ६० आणि ६५ वर नाही.

शेडचं गणित वेगळं. तिथे क्षेत्रफळापेक्षा पत्र्याखालची मोकळी उंची, क्रेनसाठी गर्डर आहे की नाही, जमिनीच्या काँक्रीटची जाडी आणि मोठा ट्रेलर आत वळतो का, हे आधी बघावं लागतं. जड प्रेस बसवायची असेल तर तिचा पाया स्वतंत्र खणावा लागतो. मालक त्याला परवानगी देणार का आणि जागा सोडताना तो खड्डा कोणी बुजवायचा, हे करारातच लिहून घ्यावं.

महाराष्ट्रात भाड्याचा व्यवहार बहुतांशी लिव्ह अँड लायसन्सवर होतो. भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ नुसार हा करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे. मुद्रांक शुल्क अगदी कमी: एकूण भाडं अधिक परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं काल्पनिक व्याज, या बेरजेच्या ०.२५ टक्के. महिन्याला १ लाख भाडं, ६ लाख डिपॉझिट, ६० महिने. भाडं ६० लाख, व्याज ३ लाख, बेरीज ६३ लाख, शुल्क १५,७५० रुपये. दरवर्षीची भाडेवाढ असेल तर बेरीज तेवढी वाढवून घ्यायची. मात्र ही सवलत ६० महिन्यांपर्यंतच आहे. त्यापुढच्या मुदतीचा करार, किंवा 'भाडेपट्टा' म्हणून केलेला कागद, वेगळ्या हिशोबात जातो. पाच वर्षांपर्यंतच्या भाडेपट्ट्यालासुद्धा मिळकतीच्या बाजारमूल्याच्या १० टक्के रकमेवर खरेदीखताच्या दराने शुल्क लागतं. मिळकत २ कोटींची असेल तर २० लाखांवर ५ टक्क्यांनी १ लाख, आणि महापालिका हद्दीत वरचे अधिभार वेगळे. जागा तीच आणि भाडंही तेच, फरक फक्त दस्ताच्या प्रकाराचा.

उद्योगासाठी जागा घ्यायची, विकत किंवा भाड्याने, तर पुण्यात तीन वाटा दिसतात. पहिली एमआयडीसीची. भोसरी, चाकण, तळेगाव, रांजणगाव, हिंजवडी, जेजुरी, कुरकुंभ या वसाहतींत जमीन मालकीची मिळत नाही, ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर मिळते. मोठी रक्कम अधिमूल्य म्हणून आधी भरायची, मग वर्षाचं भाडं नावापुरतं. म्हणून जुन्या वसाहतीतला भूखंड दुसऱ्याकडून घेताना पट्ट्याची किती वर्षं उरली आहेत ते आधी मोजा. १९७५ साली दिलेला भूखंड असेल तर पट्टा २०७० ला संपतो. हस्तांतरणाचं शुल्क एमआयडीसीला भरावं लागतं आणि ते कोण भरणार यावर व्यवहार अडतात. भूखंड घेऊन मोकळा ठेवता येत नाही. ठरलेल्या मुदतीत बांधकाम करून पूर्णत्वाचा दाखला घ्यावा लागतो, नाहीतर मुदतवाढीचे पैसे भरत राहा. एमआयडीसीतला गाळा भाड्याने घेत असाल तर मालकाने पोटभाड्याची परवानगी काढली आहे का ते विचारा. ती नसेल तर तुमच्या नावावर परवाने निघताना अडचण येते.

दुसरी वाट खासगी औद्योगिक पार्कची. तिथे रस्ते, ड्रेनेज, सुरक्षा तयार असते, त्याचे पैसे मेंटेनन्समध्ये मोजावे लागतात. त्यात फारसं गूढ नाही.

तिसरी वाट गावच्या हद्दीतल्या पत्र्याच्या शेडची, आणि खरी जोखीम तिथेच आहे. भाडं निम्मं दिसतं. पण जमीन एनए (बिगरशेती) आहे का, प्रादेशिक योजनेत तिचा झोन कोणता, बांधकामाला पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) किंवा महापालिकेची मंजुरी आहे का, हे विचारलं की उत्तर मिळतं, "इथे सगळ्यांचं असंच आहे." फेब्रुवारी २०२५ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेने कुदळवाडी-चिखली पट्ट्यात शेकडो एकरांवरची अनधिकृत शेड पाडली. तिथेही सगळ्यांचं असंच होतं. पाडापाडी झाली नाही तरी मंजुरी नसलेल्या शेडला प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती, अग्निशमनाचा दाखला आणि बँकेचं कर्ज या तिन्ही ठिकाणी अडकायला होतं. सातबारा बघताना फक्त मालकाचं नाव बघून थांबू नका. 'इतर हक्क' रकान्यात कुळ, बँकेचा बोजा, कोर्टाचा मनाई आदेश अशा नोंदी असतात. भोगवटादार वर्ग-२ लिहिलेलं असेल तर ती जमीन सरकारच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. शेतकरी नसलेल्याला शेतजमीन सरसकट घेता येत नाही. उद्योगासाठी कुळकायद्याच्या कलम ६३-१अ ची सोय आहे, पण तिलाही झोनची आणि ठराविक मुदतीत उद्योग उभा करण्याची अट आहे.

वीज: बिल फक्त युनिटवर नाही, मागणीवरही

विजेबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण सर्वांत जास्त पैसा न कळत इथेच जातो.

महावितरणचे दर वीज नियामक आयोग ठरवतो आणि ते वर्गवारीनुसार असतात. दुकान आणि ऑफिस वाणिज्यिक वर्गात, कारखाना औद्योगिक वर्गात. दोन्हींच्या युनिटदरात मोठा फरक आहे, आणि वरून वाणिज्यिक वापराला वीज शुल्क २१ टक्के लागतं. उद्योगाला ते बरंच कमी आहे. पुण्यातल्या आयटी कंपन्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी: उद्योग खात्याकडून आयटी किंवा आयटीईएस (आयटीवर चालणाऱ्या सेवा) युनिट म्हणून नोंदणी प्रमाणपत्र घेतलं तर औद्योगिक दर मिळतो. प्रमाणपत्र नसेल तर त्याच मजल्यावर, तेच काम करून वाणिज्यिक दर भरावा लागतो. लहान कंपन्या हे प्रमाणपत्र काढायचं राहूनच जातं म्हणून वर्षानुवर्षं जादा पैसे भरत असतात.

उलट बाजूने चुकीच्या वर्गात वीज वापरणं महागात पडतं. घरगुती मीटरवर ऑफिस किंवा औद्योगिक मीटरवर शोरूम चालवलं, तर वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली लागू दराच्या दुपटीने आकारणी होते. तीही केवळ त्या महिन्याची नाही, मागची.

आता बिल उघडू. त्यात स्थिर किंवा मागणी आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, वीज शुल्क आणि वीज विक्री कर अशा ओळी दिसतात. दलाल किंवा शेडमालक "युनिट आठ रुपये पडतं" म्हणतो तेव्हा तो फक्त वीज आकार सांगत असतो. एकूण बिलाला युनिटांनी भागा, तो तुमचा दर.

मागणी आकार हा सर्वांत कमी समजलेला भाग. उच्चदाब, म्हणजे मोठ्या लोडचा, ग्राहक किती केव्हीए (विजेच्या मागणीचं एकक) घेणार हे आधी करारात सांगतो, ती कॉन्ट्रॅक्ट डिमांड. मीटर महिनाभरातली सर्वांत मोठी मागणी टिपून ठेवतो. बिल मात्र फक्त त्या महिन्याच्या मागणीवर निघत नाही. चालू महिन्याची नोंदलेली मागणी, आधीच्या ११ महिन्यांतल्या सर्वांत मोठ्या बिलिंग डिमांडच्या (बिलासाठी धरलेल्या मागणीच्या) ७५ टक्के, आणि कॉन्ट्रॅक्ट डिमांडचा आयोगाने ठरवलेला टक्का, या तिन्हींपैकी जी जास्त असेल तिच्यावर निघतं.

समजा कॉन्ट्रॅक्ट डिमांड २०० केव्हीए. मार्चएंडला काम जोरात होतं आणि मागणी १९० ला गेली. १९० च्या ७५ टक्के १४२.५. पुढे मंदी आली, जूनमध्ये मागणी फक्त ९० केव्हीए. तरी बिल किमान १४२.५ वर. मागणी आकार केव्हीएला ५५० रुपये धरला तर ५२.५ केव्हीएचे २८,८७५ रुपये त्या महिन्यात न वापरलेल्या मागणीचे गेले. मार्चमधला एक वाईट दिवस पुढच्या फेब्रुवारीपर्यंत बिलात राहतो.

आणि मागणी २०० च्या वर गेली तर जादा केव्हीएवर नेहमीच्या मागणी आकाराशिवाय त्याच्या दीडपट आकार आणखी लागतो. हे बहुधा सकाळी पाळी सुरू होताना घडतं: कॉम्प्रेसर, फर्नेस, एसी आणि सगळ्या मशिनं एकाच वेळी चालू होतात. मीटर क्षणाचा झटका मोजत नाही, ठरलेल्या काही मिनिटांची सरासरी मोजतो. म्हणून मोठी यंत्रं अर्ध्या-अर्ध्या तासाच्या अंतराने सुरू करण्याची पद्धत पाळली की नोंदलेली मागणी खाली येते. एक पैसाही गुंतवावा लागत नाही, फक्त फोरमनला कारण समजावून सांगावं लागतं.

दुसरी गळती पॉवर फॅक्टरची. मोटारी आणि वेल्डिंग यंत्रं वीज ओढतात तेव्हा तिचा काही भाग कामाला न येता फक्त चुंबकीय क्षेत्र उभं करण्यात फिरत राहतो. त्यामुळे १०० किलोवॉटचं काम करायला ०.८५ पॉवर फॅक्टरला ११७.६ केव्हीए लागतात, ०.९८ ला १०२ पुरतात. महाराष्ट्रात उच्चदाब ग्राहकांना एप्रिल २०२० पासून केव्हीएएच (केव्हीए गुणिले तास) पद्धतीने बिल येतं, म्हणजे खराब पॉवर फॅक्टरचा वेगळा दंड दिसत नाही, तो युनिटांतच मिसळून जातो. महिन्याला २०,००० किलोवॉट-तास काम होत असेल तर ०.८५ ला बिल २३,५२९ युनिटांचं आणि ०.९८ ला २०,४०८ चं. ९ रुपये दर धरला तर महिन्याला २८,००० रुपयांचा फरक.

उपाय कपॅसिटरचा, म्हणजे पॉवर फॅक्टर आपोआप सुधारणाऱ्या एपीएफसी पॅनलचा. पण तो लावून विसरून जाता येत नाही. कपॅसिटर उष्णतेने आणि हार्मोनिक्सने (विजेच्या लहरीतल्या बिघाडाने) फुगतात, त्यांना जोडणारे-तोडणारे काँटॅक्टर चिकटतात. रविवारी सगळ्या मशिनं बंद आणि कपॅसिटर मात्र जोडलेलेच राहिले तर पॉवर फॅक्टर उलट बाजूला, 'लीडिंग' होतो. केव्हीएएच मीटर तोही मोजतो. महिन्यातून एकदा क्लॅम्प मीटर लावून प्रत्येक कपॅसिटर करंट घेतो का एवढं तपासलं तरी पुरे.

वेळेनुसार दराची तऱ्हा अलीकडे बदलली. वर्षानुवर्षं रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत सवलत होती, म्हणून फर्नेस आणि हीट ट्रीटमेंटवाले रात्रपाळी चालवत. २०२५ च्या दरआदेशापासून सवलत दिवसा उन्हाच्या तासांकडे सरकली, कारण त्या वेळी सौर वीज भरपूर असते, आणि संध्याकाळचे तास महाग झाले. जुन्या सवयीने रात्रपाळी चालवणाऱ्यांनी हिशोब नव्याने मांडावा.

नवी जोडणी घेताना अर्ज, तांत्रिक पाहणी, अंदाजपत्रक, पैसे, परवानाधारक ठेकेदाराचा चाचणी अहवाल आणि मग मीटर, असा क्रम असतो. अडतं ते पाहणीत: जवळच्या ट्रान्सफॉर्मरवर किंवा फीडरवर जागा नसते. साधारण २०० केव्हीएच्या आसपास लघुदाबाची मर्यादा संपते. त्यापुढे स्वतःचा ट्रान्सफॉर्मर, मीटरिंगचं क्युबिकल, केबल आणि विद्युत निरीक्षकाची मंजुरी हे सगळं तुमच्या खर्चाने. काम स्वतः करून घेतलं तर महावितरणला अंदाजपत्रकाच्या १.३ टक्के देखरेख शुल्क द्यायचं. यात केबलपेक्षा रस्त्याची खोदाई महाग पडू शकते. महापालिका रस्ता पूर्ववत करण्याचे पैसे खोदाईच्या दर मीटर लांबीवर घेते आणि पावसाळ्याच्या तोंडावर परवानग्या थांबतात. मे महिन्यात मंजुरी हातात आली आणि खोदाई राहिली, तर जोडणी दिवाळीच्या आसपास धरा.

सुरक्षा ठेव सरासरी दोन महिन्यांच्या बिलाइतकी असते आणि बिल वाढलं की वाढीव ठेवीची मागणी येते. तिच्यावर व्याज मिळतं, ते बिलातून वळतं होतं. पण खेळतं भांडवल अडकतं, हे विसरू नका. जुनी जागा घेत असाल तर आधीच्या ग्राहकाची थकबाकी आहे का ते बघाच. नियमांत तरतूद असेल तर मागची थकबाकी नव्या मालकाकडून मागता येते, असं सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये स्पष्ट केलं आहे. शून्य थकबाकीचं ताजं बिल कराराला जोडून घ्यावं.

भाड्याच्या गाळ्यात बऱ्याचदा मुख्य मीटर मालकाचा आणि तुम्हाला सबमीटर असतो. मालक युनिटला किती लावतो आणि मागणी आकार कसा वाटतो, हे लेखी घ्या. शेजारच्या गाळ्यातल्या वेल्डिंगमुळे चढलेली मागणी तुमच्या वाट्याला येऊ नये.

वीज जाते तेव्हा

भोसरी-पिंपरी पट्ट्यात गुरुवारी साप्ताहिक सुट्टी असते आणि देखभालीची बरीच कामं त्याच दिवशी निघतात. ते आधी कळतं, त्यामुळे त्रास कमी. त्रास होतो तो न कळवता जाणाऱ्या विजेचा. जुलै २०२५ मध्ये अतिउच्चदाब भूमिगत वाहिनीत बिघाड झाला आणि हिंजवडी परिसराचा पुरवठा विस्कळीत झाला. मोठ्या आयटी पार्कालाही हे चुकत नाही.

डिझेल जनरेटर एका लिटरमध्ये तीन ते साडेतीन युनिट देतो. डिझेल ९० रुपये धरलं तर नुसतं इंधनच युनिटला २६ ते ३० रुपये. त्यात तेल, फिल्टर, बॅटरी आणि जनरेटरचा हप्ता धरलेला नाही. तरीही तो ठेवायचा की नाही याचं उत्तर युनिटच्या दरात मिळत नाही. पगार, भाडं, हप्ते मिळून महिन्याचा ठरलेला खर्च ६ लाख असेल आणि कामाचे तास ४००, तर बंद पडलेला प्रत्येक तास १,५०० रुपयांचा. महिन्यात २० तास गेले तर ३०,०००. त्याच्याशी जनरेटरचा खर्च ताडून बघा. जुलै २०२३ पासून नव्या जनरेटरला सीपीसीबी-४ प्लस ही कडक धुराची मानकं लागू आहेत, त्यामुळे नवा संच महाग आहे. जुना सेकंडहँड घेण्याआधी प्रदूषण मंडळाच्या संमतीत तो बसतो का ते विचारा.

प्लास्टिक मोल्डिंगमध्ये तासाभराची वीज गेली तर बॅरलमधला माल थिजतो, तो काढून पुन्हा तापमान धरेपर्यंत निम्मी पाळी जाते. सीएनसीला, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशिनला, तर निमिषभराचा व्होल्टेजचा खड्डासुद्धा पुरतो: ड्राइव्ह ट्रिप होतात, चालू जॉब भंगारात जातो. अशा ठिकाणी अख्ख्या मशिनला यूपीएस परवडत नाही. फक्त कंट्रोलरला लहान यूपीएस दिला तर निदान प्रोग्राम आणि पोझिशन जागेवर राहते.

पाणी

ऑफिसला माणशी दिवसाला ४५ लिटर हे राष्ट्रीय इमारत संहितेचं माप. १०० माणसांना दिवसाला साडेचार हजार लिटर, कॅन्टीन वेगळं. म्हणजे १०,००० लिटरचा टँकर दोन दिवसांत संपतो. टँकर १,५०० रुपयांना पडला तर घनमीटरला १५० रुपये. एमआयडीसीच्या नळाचं पाणी याच्या कितीतरी पट स्वस्त आहे, पण तिथे मंजूर कोटा असतो आणि त्याच्यावर वापर गेला की दर चढतो.

बोअर आहे, असं मालकाने सांगितलं तर मेमध्येही चालतो का ते विचारा. पुण्याचा खडक बेसाल्टचा, पाणी फटींत असतं, आणि उन्हाळ्यात सगळे एकाच वेळी उपसतात. बोअरच्या जड पाण्याने कूलिंग टॉवर आणि बॉयलरमध्ये क्षारांचा थर बसतो, मग सॉफ्टनर लावावा लागतो आणि त्याचं मीठ, त्याचं वाया जाणारं पाणी हाही खर्च. सांडपाणी कुठे जाणार हे प्रदूषण मंडळ आधी विचारतं, उद्योगाची वर्गवारी लाल किंवा नारिंगी, म्हणजे जास्त प्रदूषणाची, असेल तर फारच बारकाईने.

इंटरनेट आणि फोन

साधी ब्रॉडबँड आणि लीज्ड लाइन यांच्या दरांत कित्येक पटींचा फरक दिसतो आणि वेग दोन्हीकडे १०० एमबीपीएस लिहिलेला असतो. ब्रॉडबँडचे १०० अनेक ग्राहकांत वाटलेले असतात, लीज्ड लाइनचे तुमचे एकट्याचे, अपलोड आणि डाउनलोड सारखा. करारात उपलब्धतेची हमी असते, आणि तिचा आकडा तासांत बदलून वाचावा. ९९.५ टक्के म्हणजे ३० दिवसांत ३ तास ३६ मिनिटं बंद, ९९.९ टक्के म्हणजे ४३ मिनिटं. हमी मोडली तर काय मिळतं तेही बघा. बहुधा त्या तेवढ्या वेळाचं भाडं परत मिळतं, कामाचं नुकसान नाही.

सगळ्यांना लीज्ड लाइन लागत नाही. मेल, टॅली आणि जीएसटी पोर्टलपुरतं काम असलेल्या कारखान्याला दोन वेगळ्या कंपन्यांच्या ब्रॉडबँड आणि त्यांच्यात आपोआप बदल करणारा राउटर पुरतो. कॅमेऱ्यांचं चित्रण क्लाउडवर ठेवायचं असेल तर मात्र अपलोड मोजा: १६ कॅमेरे, प्रत्येकी २ एमबीपीएस, म्हणजे ३२ एमबीपीएस सतत वर जातंय. परदेशी ग्राहकाच्या सर्व्हरला ठराविक आयपीवरूनच जोडावं लागत असेल तर स्टॅटिक आयपी स्वतंत्र विकत घ्यावा लागतो, कारण साध्या जोडणीत एकाच सार्वजनिक आयपीमागे अनेक ग्राहक असतात.

दोन कंपन्यांच्या लाइन घेतल्या तरी दोन्ही एकाच खांबावरून, एकाच जिन्यातून वर येत असतील तर फांदी छाटणाऱ्याच्या एका घावात दोन्ही जातात. म्हणून दुसरी लाइन घेताना कंपनीच्या नावाआधी मार्ग विचारा: ही ओव्हरहेड असेल तर ती भूमिगत, किंवा तिसरा पर्याय म्हणून मोबाइल डेटाचं सिम. आणखी एक जागा हमखास राहून जाते. इमारतीच्या पार्किंगमध्ये भिंतीवर लोखंडी पेटी असते, तिच्यात सेवा देणाऱ्याचा स्विच. ऑफिसात सगळ्यांना यूपीएस, राउटरलाही यूपीएस, आणि त्या पेटीला मात्र साध्या जिन्याच्या मीटरची वीज. वीज गेली की लॅपटॉप चालू आणि इंटरनेट बंद. जागा बघताना ती पेटी उघडायला लावा.

काही इमारतींत एकाच कंपनीला प्रवेश असतो, मग दर तीच ठरवते. टोकन देण्याआधी आत कोणकोण सेवा देतं हे वॉचमनकडून नाही, त्याच मजल्यावरच्या भाडेकरूकडून कळतं.

कॉल सेंटर काढणाऱ्यांना पूर्वी दूरसंचार खात्याकडे वेगळी नोंदणी आणि बँक गॅरंटी लागायची. नोव्हेंबर २०२० मध्ये ती गेली, जून २०२१ मध्ये नियम आणखी सैल झाले. पण ग्राहकांना व्यावसायिक एसएमएस पाठवायचे असतील तर डीएलटीवर, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांच्या नोंदणी पोर्टलवर, कंपनी, हेडर (पाठवणाऱ्याचं नाव) आणि मजकुराचा नमुना नोंदवावा लागतो. नमुन्यातला मजकूर आणि पाठवलेला मजकूर जुळला नाही तर संदेश वाटेतच अडवला जातो, आणि ओटीपी का जात नाहीत याचा शोध सॉफ्टवेअरमध्ये घेतला जातो.

कर: कोणता परत येतो, कोणता जातो

व्यावसायिक भाड्यावर १८ टक्के जीएसटी आणि टेलिकॉमवरही १८ टक्के. तुमची विक्री करपात्र असेल तर हा कर बहुतेक वेळा इनपुट क्रेडिटने (विक्रीवरच्या करातून वजा होऊन) परत वळता होतो, फक्त पैसा काही काळ अडकतो. विजेवर जीएसटी नाही, पण वीज शुल्क आहे, आणि त्याचं क्रेडिट मिळत नाही. मुद्रांक शुल्क आणि मिळकतकर यांचंही नाही. त्यामुळे कागदावर सारखे दिसणारे १८ आणि २१ टक्के खिशाला सारखे नसतात: पहिला फिरून येतो, दुसरा गेला तो गेलाच. रुग्णालय, शाळा असे करमुक्त सेवा देणारे मात्र भाड्यावरचा जीएसटीसुद्धा खर्चात धरतात. घरमालक जीएसटीत नोंदणीकृत नसेल तरी ऑक्टोबर २०२४ पासून नोंदणीकृत भाडेकरूला तो कर रिव्हर्स चार्जने स्वतः भरावा लागतो. कंपोझिशन योजनेतल्या (ठरावीक दराने कर भरणाऱ्या) लहान व्यावसायिकांना ही अट नंतर काढली.

सही करण्याआधी मुदती जुळवा

भाडेकरारात लॉक-इन (मध्येच करार न मोडण्याची मुदत) तीन वर्षांचं, लीज्ड लाइनचा करार पाच वर्षांचा, आणि एपीएफसी पॅनलचे हप्ते चार वर्षांचे, असं सर्रास होतं. तीन वर्षांनी जागा सोडली तर लाइनच्या उरलेल्या दोन वर्षांचा दंड अंगावर येतो. लाइन दुसऱ्या पत्त्यावर हलवण्याची सोय आणि तिचं शुल्क आधीच लिहून घ्यावं. लॉक-इन दोन्ही बाजूंना लागू आहे की फक्त भाडेकरूला, हेही वाचावं. बऱ्याच छापील मसुद्यांत मालक मोकळा असतो.

तुमच्या खर्चाने टाकलेली केबल आणि खास वाहिनी जागा सोडताना उचलून नेता येत नाही. तिचा खर्च भाड्याच्या मुदतीवर वाटून बघा: १२ लाखांची केबल आणि ६० महिन्यांचा करार म्हणजे भाड्यावर महिन्याला २०,००० रुपयांची भर. हा आकडा मालकासमोर ठेवून भाडं कमी करून मागता येतं, कारण लोड वाढलेली जागा पुढच्या भाडेकरूला तो जास्त दराने देणार असतो. कॉन्ट्रॅक्ट डिमांड बंद करण्याचा अर्ज जागा रिकामी करण्याच्या महिनाभर आधी द्या, शेवटचं रीडिंग स्वतः उभं राहून घ्या आणि त्याचा फोटो ठेवा. सुरक्षा ठेव परत मिळते ती अंतिम बिल चुकतं झाल्यावर, ज्याच्या नावावर जोडणी आहे त्यालाच. जोडणी मालकाच्या नावावर ठेवून ठेव तुम्ही भरली असेल, तर ती कशी आणि कधी परत मिळणार याची ओळ भाडेकरारात हवी.